लांडग्याचा नववा भाग

लिफ्टवाले काका माझ्या दुकानात पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांनी वीस मिनिटं नुसते जुने नकाशे चाळले. जुनी पुस्तकं विकण्यात माझी अर्धी हयात गेली आहे, नकाशाचं गिऱ्हाईक कोणतं आणि कोणतं नाही हे मला पाठमोऱ्या माणसावरूनही कळतं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा मला भारी राग. त्यातून जेवायची वेळ झालेली. मी म्हटलं, "काका, काय हवंय ते सांगून टाका. पुस्तकंच आहेत, कुणी चावणार नाही."

त्यांनी नकाशाची नीट घडी घातली. कान लाल झाले होते. "ते एक लांडग्याचं असतं बघा," ते हळूच म्हणाले. "तो बाईच्या प्रेमात पडतो. त्याचा तिसरा भाग."

मी हसले. हसायला नको होतं, पण सत्तरीचा माणूस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर, बोटांच्या रेघांत कायमचं मुरलेलं ग्रीस, आणि मागतोय काय तर लांडग्याचं प्रेम! त्यांना राग आला नाही. उलट माझं हसून होईपर्यंत ते शांत उभे राहिले, आणि मग "आहे का?" एवढंच म्हणाले.

होता. ही नऊ भागांची मालिका. जनावरांची डॉक्टर असलेली एक बाई, आणि अर्धा महिना माणूस, अर्धा महिना लांडगा असलेला तिचा प्रियकर. दर भागात ताटातूट, दर भागात पुन्हा भेट. छापणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला, तरी वाचणाऱ्या बायका अजून शोधत येतात. माझ्या वडिलांच्या वेळेपासून असली पुस्तकं, म्हणजे भुतं, पिशाच्चं, शंभर वर्षांपूर्वी मेलेले देखणे पुरुष, सगळ्यात खालच्या फळीवर. त्या फळीकडे बघून नाक मुरडायचं आणि त्याच फळीवर दुकान चालवायचं, हा आमचा घरचा खाक्या. काकांनी पुस्तक घेतलं, पहिलं पान नाही, शेवटचं नाही, थेट सत्तावीस नंबरचं पान काढलं, चष्मा कपाळावर चढवून निरखलं, आणि मान डोलावून घेऊन गेले.

त्यानंतर ते दर दोन-तीन आठवड्यांनी येऊ लागले. चौथा भाग नेला. पाचवा जागीच परत केला, कारण सत्तावीसाव्या पानावर कुणीतरी पेनाचा ठिपका टेकवला होता. मी दुसरी प्रत काढली, तिच्यावर एक रेघ निघाली. तिसऱ्या प्रतीच्या वेळी माझं डोकं फिरलं. "काका, जुनं पुस्तक आहे हे, नवी नवरी नाही. एका ठिपक्यानं लांडगा पळून जातो का?"

तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगितलं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचायचा नाद लग्नाआधीपासूनचा. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयातून आणायच्या. एकदा वाचलेलं पुन्हा हातात येऊ नये म्हणून अशा वाचनालयातल्या बायका आपापली एक गुप्त खूण ठेवतात. कुणी दहाव्या पानाचा कोपरा दुमडते, कुणी एखादं अक्षर अधोरेखित करते. काकूंची खूण म्हणजे सत्तावीस आकड्याभोवती शाईनं एक बारीक वर्तुळ आणि खाली टिंब. पुढे पुस्तकं विकत घेऊ लागल्या तरी सवय सुटली नाही. लांडग्याचे नऊच्या नऊ भाग त्यांच्याकडे होते, नऊही वर्तुळवाले.

"आता दोन वर्षं झाली, हिला काही आठवत नाही," काका म्हणाले. "म्हणजे वाचता येतं, पण वाचलेलं राहत नाही. पण खूण बरोबर कळते. कपाटातून पुस्तक काढते, सत्तावीस उघडते, वर्तुळ दिसलं की म्हणते हे झालंय वाचून. दुसरं काढते. सगळी काढून होतात, मग रडत बसते, की घरात वाचायला काही नाही."

मी रेघवाली प्रत खालच्या फळीवर परत ठेवली. 

म्हणून काकांनी ते नऊ भाग एक दिवस रद्दीवाल्याला देऊन टाकले, काकूंच्या नजरेला पडायला नकोत म्हणून, आणि कोऱ्या सत्तावीसाव्या पानाच्या प्रती शोधायला निघाले. काकू पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या, पहिल्यांदा वाचल्यासारख्या. वाचताना त्यांना घरातून बाहेर पडायचं सुचत नसे, "मला माझ्या घरी सोडा" असं म्हणत त्या दाराची कडी काढायला जात नसत. आणि संध्याकाळी शेंगा सोलताना त्या काकांना गोष्ट सांगत.

"मला वाचायचा कंटाळा," ते म्हणाले. "पण ऐकायला जमतं. चाळीस वर्षं लिफ्टच ऐकल्या ना. वरच्या खोलीत मोटर कशी बोलते यावरून दोरात खोट आहे की चाकात, ते समजायचं मला. तसंच हिचं ऐकतो. लग्न झाल्यापासून ही सांगते आणि मी ऐकतो."

"मग खूण खोडून टाकायची ना सरळ," मी म्हटलं. "रद्दीत कशाला घातलीत पुस्तकं? अर्ध्या ब्लेडनं शाई अशी काढून देते मी, की लिहिणाऱ्याला कळणार नाही."

"नाही," ते म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. "तिची खूण आहे ती. मी पुस्तकं लपवीन, खोटं बोलीन, पण तिनं केलेली खूण खोडणार नाही. तेवढंच तिला अजून पक्कं ठाऊक आहे."

पाचवा मिळाला, सहावा, सातवा, आठवाही मिळाला. नववा मिळेना. मालिका जमवणं हे एक दुखणंच आहे. पहिला भाग जिथे जाल तिथे सापडतो, कारण अर्धे लोक तिथेच सोडतात. शेवटचा कुणी विकत नाही. जो तिथवर पोचला तो पुस्तक उशाशी ठेवूनच जातो. मी गावोगावच्या विक्रेत्यांना फोन केले, बंद पडलेल्या दोन वाचनालयांची खोकी उपसली, फोनवरच्या वाचक बायकांच्या गटात शिरले. तिथे लांडग्याच्या डोळ्यांचा रंग कोणता यावरून सकाळ-संध्याकाळ जुंपलेली असे, पण नववा भाग द्यायला कुणी तयार नव्हतं. एक म्हणाली, नवरा देईन, नववा नाही.

तोवर काकूंचा आठवा संपला, आणि पुढचं पुस्तक येत नाही असं दिसल्यावर पंधरा दिवसांत सगळंच त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं. वाचून झालेल्या आठही प्रतींवर त्यांनी सवयीनं वर्तुळ काढलं होतंच, म्हणून काकांनी पुन्हा पहिल्या भागापासून कोऱ्या प्रती न्यायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा आठव्यापर्यंत आल्या. काकांना आता आठ भाग तोंडपाठ झाले होते. नववा तेवढा त्यांनी कधीच ऐकला नव्हता. फार वर्षांपूर्वी काकूंनी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा शेवट सांगायचं साफ नाकारलं होतं. "सगळं मीच सांगू का? शेवट तरी स्वतः वाचा." काका म्हणाले होते, निवृत्त झालो की वाचीन. निवृत्त झाले आणि कपाटात पुस्तक असूनही राहून गेलं.

"एकदा हिच्या तोंडून शेवट ऐकायचाय, बस," ते एके दिवशी म्हणाले. "पण ताई, जरा लवकर जमलं तर बघा. आता दिवसाला दोनच पानं होतात तिची. ओळीवर बोट ठेवून वाचते."

त्यांनी कधी घाई केली नव्हती, म्हणून ते वाक्य माझ्या मनाला लागून राहिलं.

आणि महिन्याभरात नववा भाग माझ्या दारात आला. रद्दीवाल्यानं गोणी उलटी केली, त्यात स्वयंपाकाची दोन, परीक्षेची चार, आणि मधोमध लांडगा. मी अक्षरशः ओरडले. सत्तावीसावं पान उघडलं. आकड्याभोवती बारीक वर्तुळ, खाली टिंब.

काकूंचीच प्रत. घरातून निघून, कुठल्या कुठल्या माळ्यांवर दोन वर्षं काढून ती माझ्यापर्यंत आली होती. त्याच क्षणी काकांना फोन करून खरं सांगायला हवं होतं. ते मला माहीत होतं, आणि तरी मी नाही केला. वर्षभर शोधल्यावर रिकाम्या हातानं जायचं नव्हतं मला. दिवसाला दोन पानं, हे डोक्यातून जात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हाताचा गर्व होता. जुन्या पुस्तकांवरची नावं, शिक्के, शाईचे डाग मी असे उतरवते की दुसरे दुकानदार माझ्याकडे पुस्तकं पाठवतात.

मी दाराला कडी घातली. नवं ब्लेड मोडून अर्धं केलं. पान काचेवर घेतलं आणि आकड्याला धक्का न लावता वर्तुळ केसाकेसानं खरवडून काढलं. मऊ रबर फिरवलं, मग काचेच्या गोटीनं कागद घोटून गुळगुळीत केला. दोन तास लागले. पान असं झालं होतं की मलाच माझं कौतुक वाटलं. दोन दिवस पुस्तक जड पाटाखाली दाबून ठेवलं, मधल्या वेळात वाचूनही काढलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी स्वतः त्यांच्या घरी घेऊन गेले. हौस ना! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट नव्हती, याची काकांनी जिन्यातच थट्टा केली. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी काकू बसल्या होत्या, वेणी घट्ट घातलेली, पदर नीट. वेणी काकाच घालत असत. "कोण आलंय बघ," काका म्हणाले. "लांडगा घेऊन आल्यात." काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी मला ओळखलं नाही, पण लांडग्याला ओळखलं.

काकांनी पुस्तक घेतलं, सवयीनं पान काढायला लागले. मी म्हटलं, "तपासलंय मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि न उघडता पुस्तक काकूंच्या हातात दिलं. माझ्या शब्दावर दिलं.

काकूंनी सत्तावीसावं पान उघडलं. वर्तुळ नाही. त्या हसल्या. "हे नाही झालं वाचून," त्या म्हणाल्या. काकांनी स्टूल जवळ ओढलं आणि ऐकायला बसतात तसे बसले. माझ्या मनात आलं, केलं ते चांगलंच केलं.

मग काकूंनी अंगठा पानावरून फिरवला.

मला एक गोष्ट माहीत नव्हती, नंतर कळली. काकूंनी सव्वीस वर्षं कापडाच्या गिरणीत माल तपासायचं काम केलं होतं. ताग्यावरून अंगठा फिरवून सुटलेला धागा शोधायचा, हे काम. माणसं विसरल्या, रस्ते विसरल्या, पण अंगठा काही विसरला नव्हता. आकड्याशी तो थांबला. पुन्हा मागे आला. त्यांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. खरवडलेली गोल जागा पातळ होऊन आरपार उजळली.

"इथे रफू केलंय," काकू म्हणाल्या.



"इथे माझी खूण होती. कुणी काढली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "माझी खूण कुणी काढली हो?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझे हात मांडीवर होते, ते मी पदराखाली घेतले.

"मी काढली," काका म्हणाले.

"तुम्ही?"

"हो. मीच."

काकू खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकल्या. पुस्तक छातीशी धरलं. थोडा वेळ त्या काकांना निरखत राहिल्या, आणि मग मला म्हणाल्या, "ताई, हे गृहस्थ कोण आहेत? यांना सांगा, माझ्या वस्तूंना हात नका लावू."

मी उठले आणि निघून आले. तीन मजले उतरले आणि एका पायरीवरही परत फिरायचं धैर्य झालं नाही. त्याची लाज मला आजही आहे, ती कुठल्याही ब्लेडनं निघणार नाही.

आठ दिवस काका आले नाहीत. रोज दुकान उघडताना मी ठरवायचे की आज जायचं, आणि रोज काहीतरी काम निघायचं. दुसऱ्या आठवड्यात एकदाची गेले. बेल वाजवल्यावर त्यांनी दार अर्धवटच उघडलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. मधलं दार लोटून घेतलं नाही, तिथून काकू दिसत होत्या. नववा भाग त्यांच्या काखेत होता.

"काका, ते पान मी खरवडलं," मी म्हटलं. सगळी वाट घोकत आले होते ती वाक्यं कुठल्या कुठे गेली. "तुमचीच प्रत होती ती. तुम्ही नको म्हणाला होता, तरी मी..."

"कळलं होतं मला. तिथेच कळलं."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत? मला हाकलून द्यायचं होतंत!"

ते भांड्यात दूध ओतत होते. "परक्यानं खूण काढली म्हटलं असतं, तर ती घाबरली असती," ते म्हणाले. "घरात कोणी कोणी शिरतं आणि आपल्या वस्तूंना हात लावतं, असं धरून बसली असती. मग झोपली नसती. माझ्यावर रागावली तर रागावू दे. मी काय, घरातलाच."

मी रडले. त्यांनी मला पाणी दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून काकू त्यांच्या हातून पुस्तक घेत नव्हत्या, वेणी घालून घेत नव्हत्या. खालच्या मजल्यावरची एक बाई येऊन घालून जाई. पहिल्या भागाची कोरी प्रत काकांनी समोर ठेवून बघितली. काकूंनी ती दूर सारली. त्यांचा हिशेब सरळ होता, शेवटचा भाग वाचून झालाय, खूण होती, म्हणजे मालिका संपली.

"मी विचारलं तिला," काका म्हणाले. "लांबूनच विचारलं. म्हटलं, वाचलंयस ना, मग सांग, शेवटी काय होतं? बराच वेळ विचार करत होती. आठवत नव्हतं, पण तसं म्हणवेना तिला. मग म्हणाली, चांगलं होतं सगळं."

गॅसवर दूध वर आलं, त्यांनी आच कमी केली.

"तेवढाच शेवट मिळाला. आता तीच सांगेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. ताई, तुम्ही वाचलंय ना ते? काय होतं?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. दोघांचं लग्न होतं, गावाबाहेर घर बांधतात, काहीही सांगता आलं असतं. पण त्या घरात मी एकदा हातचलाखी करून बसले होते.

"चांगलं नाही होत, काका. तो कायमचा लांडगा होऊन बसतो. माणूस होतच नाही परत. तिला ओळखतही नाही, जवळ गेली तर दात दाखवतो. ती रोज रानाच्या कडेला जाते, खाणं ठेवते आणि मागे सरून उभी राहते. तो येतो, खातो, निघून जातो. एवढंच. तिथेच संपवलंय लिहिणाऱ्या बाईनं. वाचून मी पुस्तक आपटलं होतं."

काका मान एका बाजूला कलती करून ऐकत होते.

"येतो ना पण रोज?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"मग बरोबर सांगितलं हिनं," ते म्हणाले.

त्यांनी दूध पेल्यात ओतलं, फुंकर घालून जरा निववलं, बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि बाहेरच्या खोलीत गेले. काकूंनी पुस्तक घट्ट धरलं. काकांनी पेला आणि बशी खुर्चीपासून हातभर लांब, स्टुलावर ठेवली. मग पावलांचा आवाज न करता मागे मागे येऊन दाराच्या चौकटीशी उभे राहिले, आणि काकूंनी हात पुढे करेपर्यंत तिथेच उभे होते.